पवनचक्कीबरोबर फुकट आलेली बंदूक

प्लिमथच्या केलॉग पार्कात आपण कँटन-नोवायची मराठी मंडळी कधी ना कधी जाऊन आलोच आहोत. उन्हाळ्यात कारंज्यापाशी मुलांना आइस्क्रीम, हिवाळ्यात बर्फाच्या मूर्ती बघायला गर्दी. तिथून थोडं चालत गेलं की डेझी स्क्वेअर नावाची घरं लागतात. हे डेझी म्हणजे फुलाचं नाव असेल असं बहुतेकांना वाटतं. ते बंदुकीचं नाव आहे. अमेरिकेतल्या लाखो मुलांच्या हातात आलेली पहिली बंदूक याच गावात, त्याच जागेवरच्या कारखान्यात तयार व्हायची.

आज हे लिहायचं कारण असं, की नोव्हेंबर लागला की आपल्या लोकांत एक प्रश्न हमखास निघतो. शेजारचे आजोबा त्यांच्या नातवंडांना मागच्या अंगणात बीबी गन शिकवतात, आपल्या मुलालाही बोलावलंय, पाठवायचं का? त्यावर दोनच उत्तरं येतात. एक, "बाप रे, बंदूक! अजिबात नाही." दुसरं, "अहो खेळणं आहे ते, काही होत नाही." माझ्या मते दोन्ही उत्तरं घाईची आहेत, आणि ती का घाईची आहेत हे कळायला या वस्तूचा इतिहास माहीत हवा. तो आपल्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरच घडलेला आहे.

1882 साली प्लिमथमध्ये एक कंपनी निघाली, प्लिमथ आयर्न विंडमिल कंपनी. शेतात विहिरीचं पाणी उपसायला लोखंडी पवनचक्क्या बनवायची. क्लॅरेन्स हॅमिल्टन नावाचा घड्याळं दुरुस्त करणारा कारागीर, त्याच्या डोक्यातून ही पवनचक्की आलेली. पण धंदा काही म्हणावा तसा चालेना. त्या दशकाच्या अखेरीला याच हॅमिल्टनने हवेच्या दाबावर चालणारी, सगळी धातूची एक छोटी बंदूक तयार केली आणि कंपनीचे व्यवस्थापक लुईस हफ यांना दाखवायला आणली. हफ यांनी ती चालवून बघितली आणि खूश होऊन म्हणाले, ही तर डेझी आहे! त्या काळच्या बोलीत डेझी म्हणजे एकदम झकास. अशी गोष्ट सांगतात, आणि नाव तेव्हापासून चिकटलं.

सुरुवातीला ही बंदूक विकायला नव्हतीच. पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला ती वर भेट म्हणून मिळायची. आपल्याकडे दिवाळीत मिक्सरवर कढई फुकट देतात तसं. झालं असं, की लोकांना पवनचक्कीपेक्षा वरची भेटच जास्त आवडली. काही वर्षांत पवनचक्क्या बंद पडल्या आणि 1895 साली कंपनीने नावच बदलून डेझी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी करून टाकलं.

म्हणजे बघा, ही बंदूक पहिल्या दिवसापासून घरात शिरली ती घरातल्या कर्त्या माणसाच्या व्यवहारातून. बापाने पवनचक्की घेतली, पोराला बंदूक मिळाली. मिशिगनच्या त्या शेतांवर मोठी बंदूक आधीच भिंतीला टांगलेली असायची. कोंबड्यांवर येणारा कोल्हा, पिकात घुसणारे प्राणी, थंडीतली हरणाची शिकार, या सगळ्याला ती लागायची. मुलगा मोठा झाला की ती हातात घेणारच, मग त्याआधी हलकी, स्वस्त, आवाज न करणारी हवेची बंदूक देऊन हात बसवू, असा सरळ हिशोब होता. शिकवणारा बाप किंवा आजोबा रोज घरातच असायचा. वेगळा प्रशिक्षक शोधायची गरजच नव्हती.

आता 'बीबी' हे काय प्रकरण आहे? बरेच जण म्हणतात बॉल बेअरिंगचं लघुरूप. तसं नाही. बंदुकीच्या छऱ्यांना आकारानुसार इंग्रजी अक्षरांची नावं असतात. 'बी' आकारापेक्षा थोडा मोठा आणि 'बीबीबी' पेक्षा लहान तो 'बीबी'. आधी हे छर्रे शिशाचे होते, 1920 च्या दशकात पोलादी आले. नळी 4.5 मिलिमीटरची. हा पोलादाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विसाव्या शतकात या कंपनीने जे केलं ते जाहिरातीच्या धंद्यात आजही अभ्यासण्यासारखं आहे. मुलांच्या मासिकांतून तिच्या जाहिराती थेट मुलांशी बोलायच्या. बंदूक असलेला मुलगा धीट, सरळ, जबाबदार, असं ते चित्र. 1938 साली फ्रेड हारमन यांची 'रेड रायडर' ही काउबॉयची चित्रमालिका वर्तमानपत्रांत सुरू झाली, आणि 1940 मध्ये डेझीने त्याच नावाची बंदूक बाजारात आणली. तिची किंमत तीन डॉलरच्या आतबाहेर. पुढे दुसऱ्या महायुद्धात धातू युद्धाकडे वळला, बंदुका बनवणं थांबलं, आणि युद्ध संपल्यावर मागणी दुप्पट जोराने उसळली. ख्रिसमसच्या झाडाखाली लांबट खोका दिसला की आत रेड रायडर असणार, असा तो काळ. तीच बंदूक आजही त्याच रूपात विकली जाते.

1958 मध्ये डेझी प्लिमथ सोडून आर्कान्सामधल्या रॉजर्स गावी गेली. इथल्या लोकांचा रोजगार गेला. गावाच्या इतिहास संग्रहालयात जुन्या डेझी बंदुका ठेवल्यात, पाहिल्या नसतील तर मुलांना घेऊन जरूर जा.

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही गोड वाटेल. पण आणखी एक गोष्ट याच काळात घडत होती. 1950-60 पर्यंत अमेरिका शेतावरून उपनगरात राहायला आली. अंगण लहान झालं, कुंपणापलीकडे शेजाऱ्याची खिडकी आली, आणि बाप सकाळी सातला कारखान्यात किंवा ऑफिसात जाऊ लागला. बंदूक तीच राहिली, पण बाजूला उभा राहणारा माणूस कमी झाला. हे कंपनीच्याही लक्षात आलं असावं. 1960 च्या दशकात डेझीने जेसीज या तरुणांच्या संघटनेबरोबर गावोगावी नेमबाजीचे वर्ग चालवले, मुलांच्या स्पर्धा सुरू केल्या. आजही बीबी गनच्या मुलांच्या स्पर्धा होतात. अंतर 5 मीटर, वय 8 ते 15, आणि प्रत्येक मुलाच्या मागे प्रशिक्षक उभा. आपली बरीच मुलं कब स्काउटला जातात. तिथेही बीबी गन आहे, पण फक्त कौन्सिलच्या कॅम्पवर, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. आठवड्याच्या नेहमीच्या बैठकीला कुणी ती आणू शकत नाही.

ही खेळणं म्हणवली जाणारी बंदूक त्याच दशकात लष्करातही पोचली होती. 1967 च्या सुमारास फोर्ट बेनिंगला व्हिएतनामला निघालेल्या जवानांना नेम न धरता झटक्यात गोळी मारायला शिकवायचं होतं. त्यासाठी वापरल्या त्या डेझीच्या बीबी गन, त्यांचे नेम धरायचे काटे काढून टाकलेल्या. हवेत उडवलेल्या चकत्या टिपायच्या. त्या जवानांपैकी कित्येकांनी दहा वर्षांपूर्वी हीच बंदूक झाडाखालच्या खोक्यातून काढली असेल. "खेळणं आहे हो" म्हणणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं.

1983 साली 'अ ख्रिसमस स्टोरी' नावाचा सिनेमा आला. नऊ वर्षांच्या मुलाला रेड रायडर हवी असते आणि आई, शिक्षिका, अगदी दुकानातला सांताक्लॉजसुद्धा एकच उत्तर देतो, डोळा फोडून घेशील. दर डिसेंबरला हा सिनेमा टीव्हीवर लागतो आणि सगळं घर त्या वाक्यावर हसतं. हसण्यासारखं आहेच ते. पण वाक्य खरं आहे. रेड रायडरचा छर्रा सेकंदाला सुमारे 350 फुटांपर्यंत जातो, म्हणजे ताशी 380 किलोमीटरच्या आसपास. कातडीला तो कदाचित नुसता झोंबेल, डोळ्याला त्याहून फार कमी वेग पुरतो. आणि पोलादी छर्रा कठीण वस्तूवर आपटला की उलटा येतो. शिसं चेपतं, पोलाद चेपत नाही. विटेच्या भिंतीवर, झाडाच्या खोडावर, बार्बेक्यूच्या झाकणावर मारलेला छर्रा मारणाऱ्याच्याच तोंडावर येऊ शकतो. कंपनी स्वतःच ही बंदूक 10 वर्षांवरच्या मुलांसाठी, मोठ्यांच्या देखरेखीत, असं सांगते. धोक्याचं अंतर 195 यार्ड लिहिते. आपल्या सबडिव्हिजनमधल्या कुठल्या अंगणाला 195 यार्ड मागची बाजू आहे, सांगा.

पुढे बंदुका आणखी ताकदवान झाल्या. पंप मारून दाब वाढवायची मॉडेलं आली, वेग जवळपास दुप्पट झाला, खोका मात्र त्याच फळीवर राहिला. 2001 साली ग्राहक सुरक्षेच्या केंद्रीय आयोगाने डेझीच्या दोन मॉडेलांविरुद्ध तक्रार दाखल केली. सुमारे 75 लाख बंदुकांचा प्रश्न होता. आयोगाचं म्हणणं, छर्रा आतल्या कप्प्यात अडकून बसतो, मुलगा बंदूक हलवतो, आवाज येत नाही, चाप ओढतो तर नुसती हवा. त्याला वाटतं रिकामी आहे. मग अडकलेला छर्रा सुटतो आणि पुढच्या चापाला मित्राला लागतो. आयोगाने 15 मृत्यू आणि 171 गंभीर दुखापती यांचा हवाला दिला होता, त्यातले बहुतेक 16 वर्षांखालचे. कंपनीने दोष नाकारला. शेवटी 2003 मध्ये तडजोड झाली. बंदुका परत मागवल्या नाहीत, सुरक्षिततेच्या प्रचारावर 15 लाख डॉलर खर्च करायचं ठरलं.

या प्रकरणात कोण बरोबर यावर आजही वाद घालता येईल. पण शेतावरच्या आजोबांचा पहिला नियम काय होता? बंदूक कायम भरलेलीच आहे असं समजायचं. रिकामी आहे हे स्वतः बघितलं असलं तरी. तो नियम आणि तो सांगणारा माणूस ज्या घरात होते तिथे अडकलेला छर्रा मातीत गेला. जिथे नव्हते तिथे तो एखाद्या मुलाच्या डोक्यात गेला.

आणखी एक बदल झाला, तो दिसण्याचा. जुन्या डेझीला बघून ती मुलांची बंदूक हे कळायचं. आता हवेच्या बंदुका हुबेहूब खऱ्यासारख्या येतात. 2014 साली ऑगस्टमध्ये ओहायोत जॉन क्रॉफर्ड हा 22 वर्षांचा तरुण एका मोठ्या दुकानात, तिथेच विकायला ठेवलेली हवेची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत होता. पोलिसांनी त्याला गोळी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडच्या बागेत टॅमिर राइस हा 12 वर्षांचा मुलगा प्लास्टिकच्या छऱ्यांची खोटी बंदूक घेऊन खेळत होता. तिचं नारिंगी टोक निघालेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. दोघेही कृष्णवर्णीय होते. आपल्या सावळ्या मुलांच्या आईबापांनी हे विसरू नये. अंगणात शिकणं वेगळं, ती वस्तू फुटपाथवर घेऊन जाणं वेगळं.

आणि मग आपल्याच राज्यातलं ऑक्सफर्ड. इथून तासाभराच्या अंतरावर. 30 नोव्हेंबर 2021 ला तिथल्या हायस्कूलमध्ये 15 वर्षांच्या विद्यार्थ्याने चार मुलांचा जीव घेतला. पिस्तूल बापाने चार दिवस आधी घेऊन दिलेलं. आई त्याला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेली होती. म्हणजे 'शिकवणं' तिथेही होतं! मुलगा खचलाय, मदत मागतोय, शाळा चिंता कळवतेय, हे बघणं नव्हतं, आणि पिस्तूल कुलपात नव्हतं. 2024 मध्ये आईबाप दोघेही सदोष मनुष्यवधात दोषी ठरले, प्रत्येकी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या अशा हत्याकांडासाठी आईबापाला या गुन्ह्यात दोषी धरल्याची ही देशातली पहिलीच वेळ. त्याच वर्षी 13 फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये नवा कायदा लागू झाला. घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवायची, नाहीतर रिकामी करून तिला कुलूप लावायचं.

गंमत म्हणा किंवा गोम म्हणा, हा कायदा बीबी गनला लागू होत नाही. मिशिगनच्या व्याख्येत बंदूक म्हणजे स्फोटाच्या जोरावर गोळी सोडणारं हत्यार. हवेवर चालणारी त्यात बसत नाही. दाट वस्तीत ती चालवू द्यायची की नाही हे गाव-टाउनशिप ठरवू शकते, त्यामुळे आपल्या टाउनशिपचा नियम आधी बघा. पण घरात ती कुठे ठेवायची, कुणी शिकवायचं, किती वर्षांच्या मुलाला, हे सगळं कायद्याने घरावर सोडलंय. दीडशे वर्षांपूर्वी होतं तसंच.

आता आपलं बघू. आपल्याकडे छऱ्याची बंदूक म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची. पाच-दहा रुपयांत चार-पाच छर्रे, वाकडी नळी, आणि फुगा फुटला की मोठा आवाज. तीसुद्धा साधारण 4.5 मिलिमीटरचीच. त्यापलीकडे नेमबाजी आपल्या ओळखीची आहे ती संस्थेतून. अंजली भागवत एनसीसीतून पुढे आल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला 2024 मध्ये कांस्यपदक घेऊन आला तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून. प्रशिक्षक, रेंज, रजिस्टर, कुलूप. आजोबांनी परड्यात नातवाला बंदूक शिकवायची ही रीत मराठी मध्यमवर्गीय घरात नाहीच. म्हणून आपण इथे आलो की गोंधळतो. घाबरतो तरी, नाहीतर जत्रेतला फुगा समजून सोडून देतो.

माझे शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त. त्यांची नात अकरा वर्षांची. तिचा शनिवारचा सराव मी कुंपणावरून बऱ्याचदा बघितलाय. बंदूक त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे. पुठ्ठ्याचा मोठा खोका जुन्या वर्तमानपत्रांनी गच्च भरलेला, मागे मातीचा उंचवटा. नातीने आधी नियम म्हणून दाखवायचे. बंदूक भरलेलीच समजायची. जिथे लागलं तर चालणार नाही तिथे तोंड करायचं नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं. एखादा नियम विसरली की त्या दिवशी सराव बंद, दोघं आत जाऊन लिंबू सरबत पितात. मी हे कौतुकाने सांगतोय हे खरंय. पण त्यात कौतुकाची गोष्ट बंदूक नाही, ते दीड तास तिथेच उभे असतात ही आहे. फोन घरात ठेवून.

सातारहून आलेल्या माझ्या वडिलांनी त्यांना एकदा विचारलं, हे कशाला शिकवायचं मुलीला? ते म्हणाले, ती कधीतरी अशा घरी जाईल जिथे बंदूक उघड्यावर पडलेली असेल, तेव्हा तिने हात लावू नये म्हणून. वडिलांना ते पटलं, मला अर्धंच पटलं. शिकलेलं मूल हात लावणार नाही याची खात्री कोण देणार? मूल ते मूल. म्हणून माझ्या लेखी कुलूप पहिलं आणि शिकवण दुसरी, आणि दोन्ही मोठ्यांनी करायची कामं आहेत.

तेव्हा पाठवायचं की नाही हा निर्णय ज्याच्या त्याच्या घराचा. पण तो चौकशी करून घ्या. शेजाऱ्यांना स्पष्ट विचारा. कोण उभं राहणार? बंदूक कोणती, वेग किती? छर्रे पोलादी की शिशाचे? समोर काय ठेवणार? चष्मे आहेत का? मोकळी झाल्यावर ठेवता कुठे? चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट आवडतं. पहिल्या वेळी स्वतः जाऊन बाजूला उभे राहा. शिशाचे छर्रे असतील तर नंतर साबणाने हात धुवायला लावा. आणि नाही पाठवायचं ठरवलं तरी मुलाला कारण सांगा, नुसतं "आपल्यात नसतं ते" म्हणू नका. तो इथला आहे, त्याच्या मित्रांत ते असतं.

याहून महत्त्वाचं एक. मूल कुणाच्याही घरी खेळायला जाणार असेल तर शेंगदाण्याची अॅलर्जी सांगतो तितक्याच सहज विचारायला शिका, "तुमच्या घरात बंदूक आहे का? कुलपात असते ना?" पहिल्यांदा जीभ अडते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा मुलांना सांभाळत असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी साडेतीन ते सहा मुलं त्यांच्याच ताब्यात असतात, आणि शेजारच्या बेसमेंटमध्ये काय आहे हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं.

पवनचक्कीवाल्याने बंदूक फुकट दिली होती. तिच्याबरोबर बाजूला उभा राहणारा माणूस त्याने दिला नव्हता, तो घरात होता म्हणून चाललं. आपल्या घरात तो कोण, एवढं येत्या सुट्ट्यांच्या आधी ठरवा.